चारशे सोळा, चारशे सोळा

फोनवर सांगलीचा पिन कोड सांगायचा म्हणजे वैताग असतो. "चारशे सोळा, चारशे सोळा" म्हटलं की पलीकडची मुलगी म्हणते, "हो सर, घेतलं. पुढचे तीन आकडे?" पुढचे तीनही तेच आहेत हे तिच्या गळी उतरवताना घसा सुकतो.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिले तीन आकडे सॉर्टिंगचा जिल्हा सांगतात, उरलेले तीन पोस्ट ऑफिस. (शिराळा सांगली जिल्ह्यात, पण पिन ४१५ चा. कलेक्टरच्या हद्दी टपालाला मान्य नसाव्यात.) आमच्या वाट्याला ४१६४१६ आला तो निव्वळ वाटपात. त्याचे गुण मात्र कुणी वाटलेले नाहीत.

तीन आकडी संख्या दोनदा लिहिली की ती १००१ ने गुणली जाते, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. शिवाय ४१६ च्या पोटात आणखी एक १३ आणि पाच वेळा २. एकूण विभाजक ७२! स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज ६,९०,३६८, म्हणजे मूळ आकड्याच्या कितीतरी वर. अशांना विपुल संख्या म्हणतात. अंकांची बेरीज २२, आणि २२ ने ४१६४१६ ला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव दिलं देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी. मिरजेचा ४१६४१० हर्षद नाही. भांडण नको, पण नाही.

कापरेकरांचा दुसरा खेळ तर माझा आवडता. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढता क्रम वजा करायचा, उत्तराचं पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसले की चार आकडी संख्या ६१७४ वर येऊन थांबते. सांगलीचं करून बघा: ६६४४११ वजा ११४४६६, उत्तर ५४९९४५. आता ९९५५४४ वजा ४४५५९९, पुन्हा ५४९९४५! पहिल्याच वजाबाकीत मुक्काम.

साताऱ्याचा ४१५००१ मात्र सात संख्यांच्या चक्रात सापडतो आणि पोवई नाक्यावर नवख्याने घालाव्यात तशा फेऱ्या घालत बसतो. ४२०८७६ वरून निघायचं, फिरून ४२०८७६ वरच. विभाजकही अवघे चार: १, ६१३, ६७७ आणि तो स्वतः.

हे मी साताऱ्याच्या दाजींना मोठ्या थाटात ऐकवलं. दाजी कॉम्प्युटरवाले. म्हणाले, "पाव्हणं, दोन मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, तो फोडणं अवघड. कॉम्प्युटरवरचे निरोप कुलूपबंद करायची १९७७ सालची आरएसए नावाची पद्धत त्याच्यावरच चालते, फक्त आकडे शेकडो अंकी. तुमची सांगली दोननं भागली तरी उघडतीय. आमचं ६१३ कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवा."

मी कागद घेऊन बसलो. १०१ पर्यंत आलोय.