विहिरीवरचा ड्राइव्ह, नोंद ६: फिरतोय, पण देत नाही

मंडळी, नोंद ५ मध्ये कॉलर ताठ करून लिहिलं होतं की आता विहिरीकडे बघायला नको. रात्री लाइट आली की ड्राइव्ह (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा) आपोआप सुरू होतो, वीज वाचावी म्हणून ५० ऐवजी ३९ हर्ट्झवर निवांत चालतो, सकाळपर्यंत माळावरची टाकी भरलेली असते. घ्या. मागच्या आठवड्यात सकाळी आबांचा फोन आला, "तुझं यंत्र रात्रभर गुरगुरतंय आणि टाकीत बेडूक कोरडा बसलाय."

नाशिकजवळ गिरणाऱ्याला विहिरीवर जाऊन पाहिलं तर डिस्प्लेवर ३९.० हर्ट्झ, फॉल्ट नाही, ट्रिप नाही, सगळं आलबेल. पंपाच्या केसिंगला हात लावला आणि चटका बसला. आतलं पाणी चहासारखं तापलेलं. डिलिव्हरीचा पीव्हीसीचा पहिला तुकडा मऊ होऊन दुधीसारखा फुगलेला. मेकॅनिकल सील (शाफ्टजवळून पाणी गळू न देणारं) गेलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

पंप तोच आहे, ३ एचपीचा मोनोब्लॉक, २ पोल, विहिरीतल्या कट्ट्यावर. ड्राइव्ह सातपूर एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या युनिटमधून आणलेला ३.७ किलोवॅटचा. केबल १८ मीटर, कॅरिअर (ड्राइव्हच्या आतल्या स्विचिंगचा वेग) ४ किलोहर्ट्झवर (१२ वर ठेवू नका हे नोंद ३ मध्ये झालंय, जुनं रिवाइंडिंग असेल तर नकोच). सील बदललं, पाइपचा तुकडा बदलला, पंप भरला, ५० हर्ट्झ दिले. धो धो पाणी. ३९ केलं, शून्य. पुन्हा ५०, पुन्हा धो धो.

इथून तीन दिवस वाया गेले. पहिला संशय ड्राइव्हवर. क्लॅम्प मीटरने आउटपुट मोजलं तर तिन्ही फेजचे तीन वेगळे आकडे. घाबरलो. मग आठवलं, तो मीटर ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीही बरोबर मोजणारा) नाही, ड्राइव्हच्या आउटपुटवर त्याला काहीही दिसतं. अशा मीटरने ड्राइव्ह तपासणं म्हणजे वजनकाट्यावर ताप मोजणं. मित्राचा चांगला मीटर आणला, तिन्ही फेज सारख्या निघाल्या. दुसरा संशय फुटव्हॉल्ववर, म्हणजे सक्शन पाइपच्या तळाच्या झडपेवर. काढला, धुतला, एक शेवाळाचा गोळा निघाला, आनंद झाला, बसवला, ३९ वर पुन्हा शून्य. तिसरा संशय, सक्शनला हवा धरतेय. सगळ्या जॉइंटना साबणाचा फेस लावला, आणि लावून झाल्यावर उमगलं की सक्शनमध्ये ओढ असते, तिथे बुडबुडे बाहेर येणारच नाहीत. (हसा.) ज्या दुकानातून सील घेतलं तिथल्या काउंटरवाल्याचं निदान तयार होतं, "मोटर कमी पडते, पाच एचपी टाका." त्याच्याकडे सर्दीवरही पाच एचपीच मिळेल.

मला छळत होतं ते एकच. कार्तिकात ह्याच ३९ हर्ट्झवर पाणी येत होतं. कमी, पण येत होतं. २०० लिटरचं पिंप दोन मिनिटांत भरल्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. तोच पंप, तीच पाइपलाइन, तोच आकडा. मग बदललं काय?

उत्तर आबा विहिरीच्या काठावर बसून बघत होते. म्हणाले, "पाणी बघ की किती खाली गेलंय."

दोरीला ओळंबा बांधून सोडला. कार्तिकात काठापासून ५ मीटरवर असलेलं पाणी आता ८ वर. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने टप्प्याटप्प्याने चढत टाकीच्या तोंडापर्यंत मोजलं, काठापासून १६ मीटर. म्हणजे कार्तिकात उचल होती २१ मीटर, आता चैत्रात २४. मग ५० हर्ट्झवर डिलिव्हरी व्हॉल्व्ह काही सेकंद पूर्ण बंद करून गेज वाचला: ३.३५ किलो दाब, म्हणजे साडेतेहतीस मीटर, त्यात मिळवा सक्शनचे साडेचार. एकूण ३८ मीटर. एवढीच ह्या पंपाची झेप.

आता हिशेब. वेग घटला की पाणी त्याच प्रमाणात घटतं, हेड (पाणी किती उंच चढेल ते) वर्गाने घटतं, पॉवर घनाने. आपण सगळे त्या घनावर भाळतो आणि वर्गाकडे बघत नाही. ३९ भागिले ५०, त्याचा वर्ग ०.६१, गुणिले ३८, आले २३.१ मीटर. कार्तिकातल्या २१ ला पुरले. चैत्रातल्या २४ ला जेमतेम वारभर कमी पडले. बस्स, एवढंच. त्या वारभरासाठी पंप रात्रभर तेच चार लिटर पाणी घुसळत बसला. २४ मीटरला ह्या पंपाची किमान फ्रिक्वेन्सी ३९.७ येते. वैशाखात पाणी अजून ३ मीटर उतरलं तर ४२.१.

मग आबांना वर टाकीवर पिंप घेऊन बसवलं, पुतण्याकडे स्टॉपवॉच दिलं, मी खाली ड्राइव्हसमोर. ५० ला पिंप ४८ सेकंदांत, २.५ किलोवॅट. ४४ ला ७६ सेकंद, १.६८ किलोवॅट. ४२ ला १०६ सेकंद, १.४४. ४० ला दोरीसारखी धार. पुतण्या कंटाळून उठला. एका पिंपाचे किलोज्यूल काढले तर ५० ला १२०, ४४ ला १२८, ४२ ला १५३. बघा, हळू चालवून वीज वाचत नाहीये, जास्त जातेय! डिस्प्लेवर किलोवॅट कमी दिसतात म्हणून नोंद ५ मध्ये मी जी पाठ थोपटून घेतली होती ती परत घेतो. उचलच उचल असलेल्या लाइनवर घनाचा नियम लावायचा नसतो.

आबांचा ह्यावरचा प्रश्न बिनतोड होता. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. "बिलच येत नाही, तर तू वाचवतोयस कोणासाठी?"

तरी ड्राइव्ह काढणार नाही. १० सेकंदांचा रॅम्प आणि थांबताना १२ सेकंदांचा उतार दिल्यापासून पाइपलाइनचा एकही सांधा उखडलेला नाही, फुटव्हॉल्व आपटत नाही. स्टार्टर असताना वर्षाला दोन-तीन ठरलेले. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात आबांना बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागत नाही. पलीकडच्या उसात बिबट्या दिसलाय, तेव्हा तेवढं एक कारण मला पुरे.

तूर्त ड्राइव्हची लोअर लिमिट ४६ हर्ट्झवर बांधली आहे, त्याखाली तो जाणार नाही. पाणी नसताना थांबवायचं कसं, हा पुढचा किडा. अंडरकरंटवर ठेवून पाहिलं, जमत नाही. रिकामं घुसळतानाही मोटर चुंबकत्वापुरता करंट ओढतेच, अ‍ॅम्पिअरमध्ये फरक जेमतेम दिसतो. किलोवॅटवर लावलं की फरक स्वच्छ. पण तो उंबरठा वेगाप्रमाणे सरकतो, म्हणून डिलिव्हरीवर साधा पॅडल फ्लो स्विच मागवलाय, ३० सेकंद पाणी नाही तर बंद.

हे लिहितानाच डोक्यात आलं की मी ड्राइव्हची हौस चुकीच्या टोकाला भागवतोय. विहीर ते टाकी, तिथे वेग बदलून काही हशील नाही. वेग बदलण्याची खरी जागा टाकी ते ड्रिप. तिथे उचल नाही, उलट टाकी बागेपेक्षा ६ मीटर वर आहे. जातो तो सगळा दाब फिल्टर आणि पाइपच्या घर्षणात. चार व्हॉल्व्ह, चारही प्लॉट लहानमोठे, म्हणजे दर वेळी पाणी कमी-जास्त लागणार. द्राक्षांची खरड छाटणी झालीय, आता पाणी नेमकं लागणार. १ एचपीचा बूस्टर पडून आहे, प्लेटवर ४१५ स्टार, डब्यात वाइंडिंगची सहाही टोकं, म्हणजे जोडणी बदलता येते. डेल्टात बांधला की ४१५ भागिले १.७३, २४० व्होल्ट. म्हणजे माझा बेंचवरचा सिंगल फेजचा, तेवढेच व्होल्ट देणारा छोटा ड्राइव्ह त्याला चालतो. तीनच वायरी बाहेर आलेल्या पाणबुडी मोटरला हे करता येत नाही, कारण आतला स्टार उघडता येत नाही. एका मित्राने विचारलं होतं, त्याला हे उत्तर. मोटर हळू फिरली की तिचा पंखाही हळू, ही भीती पंपाला फारशी लागू नाही, लोडच उतरलेला असतो.

प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून ड्राइव्हला ४ ते २० मिलिअ‍ॅम्पिअरमध्ये कळवणारा) मात्र चुकीचा घेऊन बसलोय, ०-१० बारचा. मला हवं १.२ बार, म्हणजे जेमतेम ५.९ मिलिअ‍ॅम्पिअर, सगळा खेळ तळाशी. ०-४ चा कोणाकडे पडून असेल तर सांगा, बदल्यात पाच एचपीचा सल्ला देईन.

विहिरीच्या दोरीला मीटरमीटरवर गाठी मारल्यात. आबा रोज सकाळी गाठ कळवतात. आज साडेआठ.