कोलंबो ते जाफना: श्रीलंकेच्या मुदतपूर्व निवडणुकीचा आठवडा

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून गॉल फेसची हिरवळ चालत गाठता येते. हिरवळीच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून, जुनं संसद भवन उभं आहे. आता तिथे राष्ट्राध्यक्षांचं सचिवालय असतं. याच इमारतीसमोर ९ एप्रिल २०२२ ला तंबू पडले आणि 'गोटागोगामा', म्हणजे 'गोटा, चालता हो' गाव, वसलं. पेट्रोल, गॅस, औषधं, दूधभुकटी यांतलं काहीच मिळत नव्हतं आणि तीनच दिवसांनी देशाने परकीय कर्ज फेडणं थांबवलं. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसले. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे १३ तारखेला मालदीवला पळाले आणि तिथून सिंगापूरला. आता हिरवळीवर पतंग असतात आणि इस्सो वड्यांच्या गाड्या. वडा घ्याच, पण कोळंबी सालासकट असते.

माणूस गेला तरी संसद मात्र तीच राहिली, हे इथे आल्याशिवाय नीट उमगत नाही. २०२० मध्ये निवडून आलेल्या त्या सभागृहात राजपक्ष्यांच्या पक्षाचे १४५ जण होते, आणि त्याच सभागृहाने १३४ मतांनी रनिल विक्रमसिंघेंना गादीवर बसवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या एनपीपी आघाडीचे २२५ पैकी फक्त ३ खासदार होते. २४ सप्टेंबरला त्यांनी संसद बरखास्त केली. अर्ज भरायची मुदत ४ ते ११ ऑक्टोबर, मतदान गुरुवारी, १४ नोव्हेंबरला. आंदोलनाचा हिशेब मतपेटीत चुकता झाला तो तेव्हा, सव्वादोन वर्षांनी.

अशा आठवड्यात फिरायचं तर आधी बसचा विचार करा. मतदान आपल्या नोंदणीच्या गावीच करावं लागतं, त्यामुळे कोलंबोतले आणि कटुनायकेच्या कारखान्यांतले कामगार मतदानाच्या आदल्या दिवशी गावाकडे निघतात. खासगी नोकरदारांना रजाही अंतराच्या हिशेबाने मिळते: ४० किलोमीटरपर्यंत अर्धा दिवस, १०० पर्यंत एक, १५० पर्यंत दीड, त्यापुढे दोन दिवस. साहजिकच कोलंबोतल्या पेट्ट्याच्या लांब पल्ल्याच्या बसस्थानकावर बुधवारी पाय ठेवायला जागा नसते. उत्तरेच्या तमिळबहुल जाफन्याला जायचं असेल तर मंगळवारीच निघावं. सभा-भोंगे ११ तारखेच्या मध्यरात्रीच बंद झालेले असतात, आणि भिंतींवर पोस्टर चिकटवायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. तिथलं फ्लेक्सचं जंगल पाहून गेलेल्या माणसाला इथे निवडणूक आहे हे सांगावं लागतं.

केंद्रं बहुतेक शाळांत आणि विहारांत, सकाळी ७ ते दुपारी ४. पर्यटकाने फाटकाबाहेरूनच पाहावं, कॅमेरा आत नेऊ नये. मतदाराचं नाव आणि क्रमांक मोठ्याने पुकारतात, पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीवर खूण करतात, मग बोटाला शाई. सप्टेंबरची शाई करंगळीवर लागली होती, म्हणून या वेळी डाव्या हाताची तर्जनी.

इथे मतदान यंत्र नाही, कागदी मतपत्रिका असते, आणि गोंधळ तिथेच होतो. वरच्या भागात पक्षांची नावं आणि चिन्हं (होकायंत्र, टेलिफोन, आणि २०२२ च्या रांगांच्या साली चिन्ह म्हणून कुणी मागितला नसता असा गॅस सिलिंडर), खालच्या भागात उमेदवारांचे नुसते क्रमांक. यादीत जागांपेक्षा तीन उमेदवार जास्त असतात. कोलंबोला १८ जागा, म्हणजे १ ते २१. एका पक्षासमोर फुली मारायची आणि हवं असेल तर त्याच पक्षाच्या तीन क्रमांकांवर फुली. या पसंतीला सिंहलीत 'मनापे' म्हणतात. तीनपेक्षा जास्त क्रमांकांवर फुल्या मारल्या तर पसंती वाया जाते, पक्षाचं मत राहतं. पक्ष सोडून नुसत्या क्रमांकावर फुली मारली किंवा दोन पक्षांवर मारली, तर सगळंच बाद. दोनच महिन्यांपूर्वी राष्ट्राध्यक्षपदासाठी याच लोकांना १, २, ३ असे आकडे लिहायची मुभा होती. तेव्हा बाद मतं सव्वादोन टक्क्यांच्या आसपास होती, आता साडेपाच टक्क्यांच्या वर गेली. त्याचं खापर मतदारांवर फोडण्यात अर्थ नाही.

जागांचं गणित जाफन्यात समजून घ्यावं, कारण जिल्हा लहान, जागा ६. वैध मतांच्या ५ टक्क्यांखालचे पक्ष आधी बाहेर काढतात. उरलेल्या मतांना जागांपेक्षा एक कमी, म्हणजे ५ ने भागतात. भागाकार आला सुमारे ४८ हजार. होकायंत्रवाल्या एनपीपीला साधारण ८१ हजार मतं, तमिळ अरसू कच्ची या तमिळ पक्षाला ६३ हजार. दोघांना एकेक जागा. उरलेल्या तीन जागा ज्यांची शिल्लक मोठी त्यांना: एनपीपीकडे जवळपास ३३ हजार उरले, त्याखाली २८-२८ हजारांचे दोन गट, तमिळ काँग्रेस आणि एक अपक्ष गट. सहावी जागा पहिल्या आलेल्याला बक्षीस. म्हणजे पाव मतांत निम्म्या जागा. दक्षिणेतल्या पक्षाने जाफना जिंकला हे खरं, पण तमिळ मतं किती वाटली गेली होती हेही त्याच आकड्यांत दिसतं. पूर्वेच्या बट्टिकलोआत ती तितकी फुटली नाहीत, आणि २२ पैकी तेवढा एकच जिल्हा एनपीपीच्या हातून निसटला.

मोजणीत टपाली मतं आधी, त्यामुळे रात्रीचे पहिले आकडे सरकारी कर्मचाऱ्यांचे. शुक्रवारी पोया, म्हणजे आपली त्रिपुरारी पौर्णिमा. त्या दिवशी दारूची दुकानं बंद असतात. मिरवणुकाही नव्हत्याच. एनपीपीला ६१.५६ टक्के मतं आणि १५९ जागा. १९७८ च्या राज्यघटनेतली ही पद्धत कुणालाही दोन-तृतीयांश मिळू नये अशा बेताची समजली जायची. १५० चा तो आकडा या पद्धतीत आजवर कुणाला स्वबळावर गाठता आला नव्हता.

मनापेची मोजणी सगळ्यात शेवटी होते, म्हणून कोण खासदार झालं ते पक्षाच्या आकड्यानंतर कळतं. गंपहात विजिथा हेराथ ७,१६,७१५, कोलंबोत पंतप्रधान हरिणी अमरसूर्या ६,५५,२८९. महिंदा, चमल आणि बासिल राजपक्षे उभेच राहिले नाहीत. त्यांच्या पक्षाला ३ जागा मिळाल्या, आणि महिंदांचा मुलगा नामल संसदेत गेला तो राष्ट्रीय यादीतून (देशभरातल्या मतांच्या प्रमाणात पक्षाला मिळणाऱ्या जागांवरून), एकही मनापे न मागता.