भाचीनं अकरावीतच विद्यापीठ बघितलं

भाची परभणीची, अकरावी सायन्सला, क्लास लातूरला. लातूर पॅटर्न काय ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, पण होस्टेलवर राहूनही पोरांना दिसतं काय तर रूम, क्लास, मेस अन् टेस्ट सिरीज. खरं कॅम्पस तिला दिसलं ते इन्स्पायर कॅम्पला. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना ही, दहावीला बोर्डात वरच्या 1 टक्क्यात आलेल्या अन् अकरावीला सायन्स घेतलेल्या पोरांसाठी, 5 दिवस तिथंच राहायचं, शास्त्रज्ञांची लेक्चरं ऐकायची, प्रयोग करायचे.

लेक्चरचं तिनं थोडक्यात उरकलं. सांगत बसली ती पीएचडी करणाऱ्या एका ताईबद्दल, जिनं कांद्याच्या मुळाचं टोक कापून, रंग लावून, कव्हरस्लिप अंगठ्यानं हळूच दाबून स्लाइड करायला शिकवली अन् मग पेशी विभागताना कशा दिसतात ते मायक्रोस्कोपमध्ये दाखवलं. "मामा, ती जिंतूरची आहे, मराठी मीडियमची!" हे तर तीनदा सांगितलं. जिंतूर परभणी जिल्ह्यातलंच, मला वाटतं तिला सगळ्यात जास्त हेच भिडलं.

पोरीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून घरचे अडवतात, तर प्लीज अडवू नका, कॉलेजात सरांना भेटा, चौकशी करा अन् पाठवा.