खंड, अंक, पान

गिरणी कामगारांवर पीएचडी करणारी एक मुलगी आज संदर्भांची यादी घेऊन आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर आली. "मॅडम, एवढं बाहेरून मागवून द्या की." सोलापूरच्या उन्हात दुपारी आमच्याकडे निम्मे लोक पंख्यासाठीच येतात, त्यामुळे असं कुणी आलं की बरं वाटतं.

पण यादी बघून डोकं धरलं. लेख कुठला आणि पुस्तकातलं प्रकरण कुठलं, इथपासून सुरुवात. मध्ये 'इन' आणि पुढे संपादकाचं नाव दिसलं, की ते प्रकरण; मग आख्ख्या पुस्तकाचं नाव शोधायचं. प्रकरणाच्या नावानं कॅटलॉगमध्ये सहसा काही हाती लागत नाही.

एका ठिकाणी 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली, खंड 15, 1985'. आता हे साप्ताहिक या नावानं 1966 ला सुरू झालं. वर्षाला एक खंड, म्हणजे खंड 15 हा 1980 चा, 1985 चा 20. कुणाच्या तरी प्रबंधातून डोळे मिटून उतरवलेलं, दुसरं काय! लेखकाच्या नावावरून शोधलं, 1980 च निघालं. मग मागणीचा फॉर्म भरला.

काहींना पान नंबरच नाहीत. ते तिला परत दिले. "गाईडना विचार" म्हटलं, तर पोरीचा चेहरा असा पडला की मीच म्हटलं, "बरं, ठेव इथं, बघते."