पेन्सिलीच्या ओळी

प्रयोगशाळेच्या खरेदीची जुनी फाईल आज मागवली, ती केवळ एक तारीख पडताळण्यासाठी. तारीख सापडली, परंतु तिच्याआधी ‘पूर्तता अहवाल १७०० वाजेपर्यंत’ या माझ्या टिपणाखाली बारीक पेन्सिलीने लिहिलेले ‘म्हणजे सायंकाळी ५’ हे शब्द सापडले. मग तारीख बाजूला राहिली आणि मी मागची पाने उलटत बसलो. ‘पुष्टी द्यावी’ याखाली ‘झाल्यावर सरांना सांगणे’, आणि ‘कार्यवाहीची आवश्यकता नाही’ याखाली ‘सर नाराज नाहीत’. अक्षर अधीक्षकबाईंचे. तीन वर्षांतील बहुतेक प्रत्येक टिपणाखाली अशी एक ओळ आहे आणि मला तिचा पत्ता नव्हता.

राग आलेला नाही. मग काय झाले आहे, हे कळत नाही म्हणून लिहीत आहे.

लष्कराच्या वर्दीत असताना माझी भाषा तुटक होती, याचे कारण तेथे हातांत वजन असे. बेली पुलाचे, म्हणजे सुटे पोलादी भाग जोडून झटपट उभारायच्या लष्करी पुलाचे, एक पॅनेल १० फूट लांब आणि सुमारे २६० किलो वजनाचे असते. ते सहा जण उचलतात, आणि उचलण्याचा शब्द सहाही जणांना एकाच क्षणी, एकाच अर्थाने कळला नाही, तर कोणाचे तरी बोट जाते. त्या भाषेला कोणी कोरडी म्हटले की मला वाईट वाटे, कारण माझ्या लेखी ती काळजीचीच भाषा होती. येथे, अभियांत्रिकी महाविद्यालयात, माझ्यासमोर मूल्यांकनाचे तक्ते येतात, ज्यांत प्रत्येक विषयाचे उद्दिष्ट पदवीच्या उद्दिष्टांशी किती जुळते ते १, २ किंवा ३ या आकड्यांत भरायचे असते. २ च्या जागी ३ पडले म्हणून कोणाचे बोट जात नाही. जे जाते ते पुष्कळ वर्षांनी, आणि भलत्याच माणसाचे.

बैठकीच्या शेवटी मी ‘काही शंका?’ असे विचारतो, तेव्हा सगळे गप्प असतात. पूर्वीच्या सवयीने त्या शांततेचा अर्थ मी ‘समजले’ असा लावत आलो. आता वाटते, सगळे जण बाहेर पडून बाईंच्या टेबलाशी जात असावेत.

रुजू झालो त्या दिवशीच्या भाषणात मी ऐटीत सांगितले होते, की १८४७ साली रुडकीचे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य लेफ्टनंट मॅक्लॅगन हे बंगाल इंजिनिअर्सचे अधिकारी होते. तेव्हा माझ्या येण्यात नवल काही नाही. मॅक्लॅगन यांच्या विद्यार्थ्यांसाठी गंगेच्या कालव्याचे काम आधीपासून वाट पाहत होते, हे मात्र मी सांगितले नाही. माझ्या विद्यार्थ्यांची वाट कोण पाहत आहे, हा विषय आज नको. शिवाय ‘सिव्हिल’ इंजिनिअरिंग हे नावच मुळी लष्करी नसलेल्या अभियांत्रिकीला पडलेले, आणि आमचा सर्वांत जुना विभाग तोच. प्रमुखपदी मी.

बेली पूल नदीवर ढकलताना त्याच्या पुढे एक हलके नाक जोडतात. ते पलीकडच्या काठावरील रोलरांवर टेकेपर्यंत मागील काठाकडचा भार मुद्दाम जास्त ठेवावा लागतो, नाहीतर सारेच पाण्यात जाते. पलीकडे पोहोचल्यावर ते नाक सोडवून काढून ठेवतात. मी पोहोचलो, पण नाक काढले नाही, असे काहीसे झाले असावे. ही उपमा वर्गात खपली असती, म्हणूनच तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

संध्याकाळी हिला सांगितले. ‘तुम्हांला आज कळलं?’ एवढेच म्हणून ती हसली. घरात अशा पेन्सिलीच्या ओळी कोण आणि किती वर्षे लिहीत आले, ते मी विचारले नाही.

जेवणानंतर फाईल पुन्हा उघडली. एका पानावर मी लिहिले होते, ‘अस्वीकार्य. पुन्हा करा.’ खाली बाईंनी लिहिले होते, ‘सरांच्या मते हे आणखी चांगले होऊ शकते.’ असे काही माझ्या मनातही नव्हते. मी सरळ चिडलो होतो. तो अहवाल विभागाने पुन्हा केला आणि तो इतका चांगला झाला, की पुढील दोन बैठकांत मी त्याचे श्रेय माझ्या शिस्तीला दिले होते. सभागृहात माना डोलावल्या गेल्या होत्या, हेही आठवते. बाई मागच्या रांगेत इतिवृत्त लिहीत होत्या. त्यात त्यांनी काय लिहिले, ते उद्या पाहावेसे वाटते आणि वाटतही नाही.

उद्यासाठीचे टिपण आता लिहिले. ‘१७००’ लिहून झाल्यावर ते खोडण्यासाठी पेन उचलले होते. पण इतक्या वर्षांचा हात असा एका रात्रीत वळत नाही, आणि वळवला तर बाईंना संशय येईल. आकडा तसाच ठेवला. पुढील ओळ मात्र जरा खालून सुरू केली, म्हणजे मध्ये पेन्सिलीपुरती जागा राहील.