आमची वाटचाल : सतरा नंबरची सीडी

आमच्या पाटीवर 'स्थापना २००३' असं रंगवलेलं आहे. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं धरू नका. तेव्हा आम्ही नाशकात रविवार कारंजाजवळ कॅसेटी आणि सीड्या विकायचो, जशा आणखी दहा जण विकायचे. मग पोरं वीस-वीस रुपयांत मेमरी कार्डात शंभर गाणी भरून घेऊ लागली आणि आमच्याकडे दिवाळीतसुद्धा बोहनीची मारामार झाली. गाळा विकायचं जवळपास ठरलं होतं. तेव्हा माझा भागीदार म्हणाला, "अरे, लोकांनी सीड्या फेकल्यात कुठे? कपाटात ठेवल्यात. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, वाजवणार कशावर? आपण त्या फाइलीत उतरवून देऊ." भागीदाराचं नाव भाऊ. सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला होता आणि बंद पडलेलं काहीही उघडून बघायची त्याला खाज होती.

पहिलं मोठं गिऱ्हाईक तात्या. बँकेतून निवृत्त, गंगापूर रोडला राहायचे, ६४० सीड्या, आणि प्रत्येकीची वहीत नोंद: नंबर, कलाकार, राग, कुठून घेतली, किती रुपयांना. त्यांना एमपीथ्री नको होतं. "सीडीवर आहे ते जसंच्या तसं," एवढीच अट. पहिला खोका चाळीस सीड्यांचा. तो आम्ही संगणकात आयत्या असलेल्या विंडोज मीडिया प्लेअरनं दोन दिवसांत उडवला. ड्राइव्ह चाळीसपटीनं घोंघावायचा, तीन-चार मिनिटांत सीडी बाहेर. आम्ही खूश.

तिसऱ्या दिवशी तात्या भर पावसात हजर. खोका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, स्वतः निथळत होते. "सतरा नंबर. विलंबित संपत आलाय, बाई पंचमावर थांबल्यात, आणि नेमकं तिथं टिक् वाजतं."

मी म्हणालो, जुनी सीडी आहे तात्या, ओरखडा असेल. दुकानदार जे म्हणतो तेच म्हणालो. त्यांनी पिशवीतून स्वतःचा पोर्टेबल प्लेअर काढला, हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि तीच सीडी लावली. पंचम स्वच्छ. टिक् नाही.

रात्री भाऊनं मला जे समजावलं ते या धंद्यातल्या अर्ध्या लोकांना आजही माहीत नाही. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाचे ७५ सेक्टर असतात, प्रत्येकी २३५२ बाइटचा. डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइटच माहितीचे, उरलेली जागा पत्ता आणि जास्तीची दुरुस्ती यांसाठी. त्यामुळे डेटा सीडी खराब झाली की संगणक सरळ बोंब मारतो. ऑडिओत सगळे २३५२ बाइट आवाजाचे. सीआयआरसी नावाची दुरुस्ती ड्राइव्ह करतो, पण ती अपुरी पडली की शेजारचे आकडे बघून मधला आकडा अंदाजानं ठोकून देतो आणि गप्प बसतो. घाईनं वाचलं की असे प्रसंग वाढतात. घाईचं सॉफ्टवेअर त्याला विचारतही नाही की बाबा, हे वाचलंस की ठोकलंस?

त्या आठवड्यात आमची रात्रपाळी चालू झाली. सॉफ्टवेअर बदलायचं, सीडी तीच, सतरा नंबर.

आयट्यून्समध्ये 'एरर करेक्शन'वर खूण करायची सोय आहे, पण आत काय घडलं याचा हिशेब मिळत नाही. ज्याच्या घरी सगळं ॲपलचं आहे त्यानं ॲपल लॉसलेस (काही न गमावता आवाज आवळून ठेवायची ॲपलची पद्धत) खुशाल वापरावं. २०११ पासून ती सगळ्यांना खुली आहे आणि तिचं फ्लॅक (तशीच दुसरी पद्धत) करताना काही हरवत नाही. प्रश्न साठवणुकीचा नव्हताच. प्रश्न वाचण्याचा होता. क्यूरिपर हे सॉफ्टवेअर हलकं आणि नीटनेटकं, त्याच्या डेटाबेसमध्ये तुमची सीडी असेल तर छोटी मोडतोड तिथल्या माहितीवरून दुरुस्तही होते. पण आपल्या शास्त्रीय गाण्याची सीडी तिथं असणार कशी? मॅकवाल्यांसाठी एक्सएलडी आणि लिनक्सवाल्यांसाठी व्हिपर उत्तम, आमच्याकडे तेव्हा दोन्ही यंत्रं नव्हती.

राहिली दोन. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, जर्मनीतल्या आंद्रे विथॉफ यांनी १९९८ पासून केलेलं, घरगुती वापराला फुकट. आणि डीबीपॉवरअँप, पैसे मोजून घ्यायचं. ईएसीचे मेन्यू बघून भाऊसुद्धा पहिल्या दिवशी चहा प्यायला निघून गेला. पण सिक्युअर मोडमध्ये ते प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचतं. जुळलं नाही तर सोळा वेळा वाचतं आणि त्यातली आठ वाचनं सारखी येईपर्यंत हटत नाही. असे जास्तीत जास्त पाच फेरे, म्हणजे वाईटात वाईट सेक्टर ८२ वेळा. मेख एकच, ड्राइव्हची कॅश. ती मोडून काढली नाही तर ड्राइव्ह दुसऱ्यांदा सीडी न वाचता आपल्याच आठवणीतलं उत्तर देतो. चूक दोनदा सारखी येते आणि तुम्ही समजता जुळलं. ही एक सेटिंग न तपासता 'सिक्युअर' म्हणवणारे मी बरेच पाहिलेत.

सतरा नंबर घातली. त्या पंचमापाशी आल्यावर पडद्यावर लाल दिवे एकेक करून लागत गेले आणि यंत्र तिथं पाऊण तास अडून राहिलं. ड्राइव्ह मध्येच दम घेतल्यासारखा मंदावायचा, पुन्हा फिरायचा. पहाटे लॉग, म्हणजे वाचनाचा अहवाल, आला. टेस्ट सीआरसी आणि कॉपी सीआरसी, म्हणजे दोन वेगळ्या वाचनांचे पडताळणीचे आकडे, आठ-आठ अक्षरं, दोन्ही ओळीत सारखी. टिक् गेलं होतं. तात्यांचे चाळीस आम्ही फुकटात पुन्हा केले, बाकीचे सहाशे त्यांनी न विचारता पाठवले.

तेव्हापासून पद्धत ठरली: रोजच्या ढिगाला डीबीपॉवरअँप, कारण तीन ड्राइव्ह एकदम चालतात आणि गाण्यांची नावं अनेक ठिकाणांहून ताडून येतात. हट्टी सीडीला ईएसी. ड्राइव्हचं विचाराल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून प्लेक्स्टर कंपनीचे दोन जुने आणले. किंमत लिहीत नाही, घरचे वाचतात. एकानं नाकारलेली सीडी दुसरा मुकाट्यानं वाचतो, म्हणून निदान दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह ठेवा. ट्रेचा रबरी पट्टा सैल पडला की ड्राइव्ह मेला असं समजून भंगारात देऊ नका. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन घाला, ट्रे बाहेर येतो, पट्टा बदला. आमचा एक प्लेक्स्टर चौथ्या पट्ट्यावर आहे.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं काम बरं चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते पुढचं. शहरातल्या एका संगीत संस्थेकडे अकराशेच्या आसपास सीड्या होत्या. निम्म्या बाजारातल्या, निम्म्या त्यांच्याच मैफलींच्या, घरी बर्न केलेल्या सीडी-आर. आमचा दर नगाला ६० रुपये. तोंडी होकार मिळाला होता. त्या भरवशावर मी पतसंस्थेचं कर्ज काढून आणखी दोन संगणक उभे केले. तेवढ्यात कॉलेज रोडला एकानं फलक लावला: 'कोणतीही सीडी लॉसलेस, २५ रुपये, दुसऱ्या दिवशी हातात.' नाव घेत नाही, जुन्या लोकांना माहीत आहे. काम त्याला गेलं. मी हिशेब मांडून दाखवला, की दोनदा वाचून, ताडून, नावं घालून एका सीडीला वीस मिनिटं लागतात, २५ रुपयांत हे होऊच शकत नाही. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, शेवटी कॉपीच तर करायची आहे."

हप्ते चालू, काम बंद. भाऊनं पुण्यात नोकरी धरली. त्याला दोन मुलं, त्याचं बरोबरच होतं, तरी मी तीन महिने त्याच्याशी धड बोललो नाही. मग २०२० उजाडलं, शटर खाली. त्याच वर्षी फ्रीडीबी ही इंटरनेटवरची सीड्यांची यादीही बंद पडली. मराठी सीडी घातल्यावर गाण्यांची नावं तिथून आपोआप यायची, ती येईनात. मराठी सीड्यांची तिथली नावं कुणी तरी रोमनमध्ये वाटेल तशी टाकलेली असायची, पण दुरुस्त करायला काही तरी हाताशी होतं. आता इनले, म्हणजे डबीतला छापील कागद, बघून सगळं हातानं. (टॅग, म्हणजे फाइलीच्या आतली गाण्याची माहिती, देवनागरीत भरा, फाइलचं नाव मात्र रोमनमध्ये ठेवा. गाडीतल्या म्युझिक सिस्टिमला देवनागरी दिसली की ती चौकोन दाखवते.)

त्या काळात एकटे तात्या यायचे. निर्बंध उठले की शनिवारी, मोजून पाच सीड्या घेऊन. नातेवाइकांच्या, मित्रांच्या, एकदा तर शेजाऱ्यांच्या मुंजीची. मला वाटायचं यांना सवडच तेवढी. वर्षाच्या शेवटी वही चाळताना कळलं की त्यांच्याकडे दीडशेचा गठ्ठा पहिल्या दिवसापासून होता. एकदम दिला असता तर आमचा तो एक महिना गेला असता आणि पुढचे अकरा रिकामे. याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही.

तात्यांचा स्वभाव संशयी मात्र पक्का. द. वि. पलुसकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची त्यांची एक सीडी आहे. बुवा १९२१ साली इथंच, नाशकात जन्मलेले, त्यामुळे तात्यांना ती घरची वाटते. तिच्या फाइली इतर सीड्यांच्या मानानं निम्म्याच भरल्या. "काय कापलंत?" काही नाही. मूळ मुद्रण मोनो, सीडीवर डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी, फ्लॅक ती एकदाच लिहितं. फाइल पुन्हा वेव्हमध्ये, म्हणजे न आवळलेल्या रूपात, उलगडून बाइटला बाइट जुळवून दाखवली, तेव्हा कुठे मान हलवली.

निर्बंध संपल्यावर त्या संस्थेतल्या एक शिक्षिका हार्ड डिस्क घेऊन आल्या. "दादा, फाइली मोठ्या आहेत, पण तानपुरा कोरडा लागतो. माझेच कान गेले का?" त्यातला एक अल्बम तात्यांकडेही होता, नवं डिजिटल ध्वनिमुद्रण. दोन्ही स्पेकमध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनांचं चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, शेजारी शेजारी उघडले. आमच्या फाइलीत तबल्याच्या चाटेचे उभे फराटे पार वरपर्यंत, २२ किलोहर्ट्झच्या काठापर्यंत. त्यांच्या फाइलीत १६ किलोहर्ट्झला पट्टी लावून ब्लेडनं कापल्यासारखी सरळ रेघ, वर मिट्ट काळं. म्हणजे आधी १२८ केबीपीएसची, बरंच काही फेकून देणारी एमपीथ्री केली आणि तीच फुगवून फ्लॅकमध्ये भरली. फ्लॅक बिचारं हातात येईल ते इमानानं सांभाळतं, आधी काय फेकलं गेलं ते त्याला कळत नाही. लॉग एकाही फोल्डरमध्ये नव्हता. जुन्या मुद्रणांवर ही परीक्षा लावू नका, त्यांत वरचे सूर मुळातच कमी असतात आणि निष्पापावर आळ यायचा.

मी म्हणालो, सीड्या आणा, हप्त्यांचं बघू, मिळेल त्या दरात पुन्हा करतो. बाई गप्प राहिल्या. कपाटं रिकामी करायची म्हणून सगळ्या भंगारात गेल्या होत्या. बाजारातल्या परत मिळतील. मैफलींच्या त्या सीडी-आर कुठून आणायच्या? त्यातल्या एका मैफलीला कालिदास कलामंदिरात मी स्वतः शेवटून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. संस्थेला स्पेकच्या चित्रांसकट सविस्तर पत्र दिलं. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. कॉलेज रोडवरचा तो फलक आता नाही, तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

म्हणून सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. रिप झाली, म्हणजे फाइलीत उतरवली, म्हणून सीडी टाकू नका. वरच्या छापील बाजूला जपा, चकाकणारा थर त्याच बाजूला, पातळ लॅकरखाली असतो. तिथं स्टिकर लावून ओढलात की गाणं स्टिकरबरोबर येतं. पुसताना आतून बाहेर सरळ पुसा, गोल नाही, आणि टूथपेस्ट दातांना ठेवा. पन्नास गाण्यांची एमपीथ्री सीडी आणून 'याचं लॉसलेस करा' म्हणू नका, तसं होत नाही. ४४.१ किलोहर्ट्झचं ९६ करून मागू नका, ते कागद मोठा करून अक्षर सुधारण्यासारखं आहे.

भाऊ परत आलाय, पूर्ण वेळ नाही, शनिवार-रविवार. कर्ज गेल्या वर्षी फिटलं. सतरा नंबर तात्यांनी आम्हाला देऊनच टाकलीय. नवा ड्राइव्ह आला की आधी त्याचा ऑफसेट, म्हणजे तो किती नमुने (सॅम्पल) पुढे-मागे वाचतो ते, भरायचा, प्लेक्स्टरला +३०, आमच्या एलजीला +६, आणि पहिली तीच सीडी चालवायची. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, कानाला कळत नाही, पण तो भरला नाही तर ॲक्युरेटरिपशी आकडे जुळत नाहीत. जगभरचे लोक आपापल्या रिपचे आकडे तिथं पाठवतात आणि तुमचे त्यांच्याशी ताडले जातात. सतरा नंबरपुढे वर्षानुवर्षं 'डेटाबेसमध्ये नाही' एवढंच यायचं. मग आम्हीच आमचे आकडे पाठवले, तेव्हा 'कॉन्फिडन्स १' आलं. तो एक म्हणजे आम्हीच, त्यामुळे त्याला काडीची किंमत नाही.

गेल्या महिन्यात नवा ड्राइव्ह लावला आणि लॉग उघडला तर सगळ्या ट्रॅकसमोर २. मी तिथूनच तात्यांना फोन लावला.

"कोण आहे हा दुसरा?" तात्या.

"कळत नाही, तात्या. फक्त आकडे दिसतात."

"आपल्या पंचमाचं काय?"

"जुळलाय. आठही अक्षरं."

"मग त्यानंही पाऊण तास घालवला असणार," म्हणाले आणि फोन ठेवला.