उंची कुठून मोजली?

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. माझी सगळी नोकरी धरणं आणि कालव्यांच्या कामात झाली. त्या कामाचा पाया आपल्या शाळेत नववीला, ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात घातला गेला. तो घालणाऱ्या आमच्या विज्ञानाच्या सरांविषयी लिहायचं, हे मनात कधीपासून होतं.

स्थितिज ऊर्जेचं सूत्र सोपं आहे: वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार. पाठ करायला दोन मिनिटं पुरतात. सरांनी मात्र सूत्र फळ्यावर लिहिलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याकडे हात केला. वर तटाजवळ दहा किलोचा दगड आहे, त्याची स्थितिज ऊर्जा काढा, म्हणाले. काहींनी किल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची धरली, हजार मीटरच्या आसपास. काहींनी गावापासूनची धरली, तीनशेच्या आतबाहेर. उत्तरांत तिपटीहून जास्त फरक पडला आणि वर्गात वाद पेटला. सरांनी दोन्ही उत्तरं बरोबर ठरवली. मग विचारलं, “कुठून मोजलीस, ते लिहिलंस का?” वर्षभर हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. मैदानात पडलेल्या दगडाची ऊर्जा शून्य, असं कुणी म्हणालं की ते त्याला विहिरीच्या काठावर उभं करायचे. तळापासून मोजली तर त्याच दगडाला ऊर्जा आहे. उंचीचा आकडा एकटा काही सांगत नाही. दगड कुठून कुठवर खाली येणार, त्या फरकाला अर्थ आहे.

याची खरी किंमत कळली ती कोयनेच्या सहलीत. एसटीची लाल गाडी कराड, पाटण करत कोयनानगरला पोचली. धरण पाहून झालं आणि सरांनी आम्हाला शिवसागर जलाशयाकडे तोंड करून उभं केलं. हे पाणी नदीच्या वाटेनं पूर्वेला गेलं, तर कराडला कृष्णेला मिळेपर्यंत किती खाली उतरेल? धरणाची उंचीच १०३ मीटर. त्यापुढे कराडपर्यंत नदीला उतार फारसा नाही. आता हेच पाणी पश्चिमेला वळवलं तर? सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून ते कोकणच्या बाजूला पोफळीला सोडलं, की थोड्याच अंतरात सुमारे ४७५ मीटरची उतरण मिळते. पाणी तेच, तलाव तोच. फक्त खालची पातळी बदलली आणि ऊर्जा कितीतरी पटींनी वाढली. १९६२ मध्ये पोफळीला वीजनिर्मितीचा पहिला संच सुरू झाला आणि पुढे टप्पे वाढत कोयना प्रकल्पाची क्षमता १९०० मेगावॅटच्या वर गेली. हे सगळं पाणी कुठे सोडायचं या एका निर्णयावर उभं आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

सरांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, गणित करून घेतलं. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, हजार किलो. त्याला ९.८ आणि ४७५ नं गुणलं की साडेशेचाळीस लाख ज्यूल होतात. घरच्या मीटरच्या भाषेत साधारण १.३ युनिट, यंत्रातली तूट वजा जाता त्याहून थोडं कमी. गावात पाण्याची टाकी पाहिली की अजून मनातल्या मनात तिचे युनिट मोजतो.

परतीच्या आधी गाडी कुंभार्ली घाट उतरून पोफळीपर्यंत गेली. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा चालकांचा नियम सरांनी ड्रायव्हरकाकांच्या तोंडून आम्हाला ऐकवला. गाडीचीही स्थितिज ऊर्जा कमी होत होती, पण गतिज वाढू द्यायची नव्हती. मग ती इंजिन आणि ब्रेकमध्ये उष्णता होऊन जात होती. खाली उतरलो तेव्हा ब्रेकचा वास येत होता. पाण्याला मात्र कुणी अडवत नाही. तेवढ्या उतरणीनंतर घर्षण सोडलं तर त्याचा वेग सेकंदाला ९६ मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो. तो फवारा पेल्टन चक्राच्या, म्हणजे वीज बनवणाऱ्या टर्बाइनच्या, कडेच्या वाट्यांवर आदळतो आणि चक्र फिरतं.

गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग का, हे सरांनी शाडूच्या मातीत दाखवलं. मातीचा थर थापायचा आणि एकाच आकाराचा पोलादी गोळा आणि काचेची गोटी वेगवेगळ्या उंचीवरून सोडायची. पोलाद काचेच्या साधारण तिप्पट जड. त्यामुळे गोटी दीड मीटरवरून आणि गोळा अर्ध्या मीटरवरून सोडला, की खड्डे जवळपास सारखे पडतात. वेग दुप्पट करायचा असेल तर उंची चौपट लागते, हेही सरांनी सूत्र मांडून दाखवलं. मग उंचीतून आलेली ऊर्जा वेगाच्या पटीत नाही, वेगाच्या वर्गाच्या पटीत असणार. हा प्रयोग १७२० च्या दशकात हॉलंडचे शास्त्रज्ञ ग्रावसांड यांनी पितळी गोळ्यांवर केला होता आणि फ्रान्सच्या विदुषी एमिली द्यु शातले यांनी त्याचं महत्त्व ओळखून तो हिरिरीनं मांडला. त्या काळी मोठमोठे विद्वान वेगाचा वर्ग मानायला तयार नव्हते. एका बाईंनी त्यांच्यापुढे मातीतला पुरावा ठेवला, हे सरांनी मुलींच्या बाकांकडे पाहून मुद्दाम सांगितलं होतं.

आमच्या तुकडीनं यंदा प्रयोगशाळेला दोन मीटर उंचीचा खुणा केलेला स्टँड आणि एकाच मापाचे पोलादी व काचेचे गोळे दिले आहेत. शाडू गणपतीच्या आधी कुंभाराकडून ताजी आणावी, म्हणजे खड्डे स्वच्छ उमटतात. शिक्षकांना एकच विनंती: प्रयोग मुलांना स्वतः करू द्यावा, आणि वहीत आकडा लिहिण्याआधी उंची कुठून मोजली ते त्यांच्याकडून लिहून घ्यावं.